लहान लेकरांच्या आईने प्रार्थनेचा नेम कसा धरावा

ज्या पहाटे नळाला पाणी यायचे असते, त्या पहाटे सोलापुरातील लहान मुलांच्या आईला बायबल उघडण्याची सवड मिळत नाही. बॅरल, हंडे आणि घागरी भरून होईपर्यंत धाकटे रडत उठते, थोरल्याच्या शाळेची वेळ होते, आणि लग्नापूर्वी कधी न चुकलेला पहाटेच्या प्रार्थनेचा नेम आज पुन्हा चुकला, ही टोचणी दिवसभर मनात राहते. भगिनी मंडळात अनेक तरुण आयांनी डोळ्यांत पाणी आणून ही कबुली दिलेली मी ऐकली आहे. माझी मुले लहान असताना मीही तीच दिली होती.

अशा प्रत्येक आईने बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या 33व्या अध्यायातील याकोबाचे उत्तर नीट वाचावे. मुलाबाळांसह आणि कळपांसह प्रवासात असलेल्या याकोबाला त्याचा भाऊ एसाव बरोबर चलण्याचा आग्रह करतो, तेव्हा याकोब म्हणतो की मुले सुकुमार आहेत, कळपात दूध पाजणारी जनावरे आहेत, एक दिवस जरी त्यांची दौड केली तरी ती मरतील. म्हणून तुम्ही पुढे व्हा, मी लेकरांच्या चालीने सावकाश येतो. मुले लहान असतानाची आपली भक्तीसुद्धा याच चालीची असावी, असे माझे ठाम मत आहे. तासभर शांत बसण्याचा नेम काही वर्षे बाजूला ठेवल्याने विश्वास उणा होत नाही.

त्यासाठी प्रार्थनेकरिता नवी वेळ शोधत बसू नये. जे काम रोज चुकत नाही त्यालाच प्रार्थना जोडावी. आपल्याकडे असे काम म्हणजे भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे पीठ परातीत मळताना येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणायला घ्यावी आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ या ओळीशी थांबून, ज्यांच्यासाठी भाकरी थापायची आहे त्यांची एकेक करून नावे घ्यावीत. एका भाकरीला एक नाव पुरते. भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवेपर्यंत त्या माणसासाठी मागणे मागून होते, आणि तेवढ्यात मूल पदराला झोंबले तरी प्रार्थना मोडली असे वाटत नाही.

रात्री बाळाला पाजताना आपसूक मोबाइलकडे हात जातो. त्याऐवजी 23व्या स्तोत्राची एकच ओळ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून उशाजवळ ठेवावी आणि आठवडाभर तीच मनात घोळवावी. पुढच्या आठवड्यात पुढची ओळ घ्यावी. अंगाई म्हणून आपली गीतेच गावीत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी (1861–1919) अभंग-ओवीच्या वळणाने रचलेली भजने मंडळीत आजही गायिली जातात, आणि त्यांची लय पाळण्याच्या झोक्याशी सहज जुळते.

मुलांना प्रार्थना शिकवण्यासाठी बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात सांगितलेल्या वेळा पाहाव्यात: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. या साऱ्या वेळा आईच्या दिवसात आधीपासून आहेतच. तीन-चार वर्षांच्या मुलाला डोळे मिटून दहा मिनिटे बसवू नये. निजण्यापूर्वी आज कशासाठी देवाचे आभार मानायचे एवढेच विचारावे आणि जे उत्तर येईल ते दुरुस्त न करता त्यावर आमेन म्हणावे. माझ्या धाकट्याने अख्खा उन्हाळा कुल्फीवाल्याच्या घंटेबद्दल आभार मानले होते. ते आभार खरे होते.

रविवारच्या उपासनेची व्यवस्था शनिवारी संध्याकाळीच नवऱ्याशी बोलून ठरवावी: गीते आणि शास्त्रवाचन होईपर्यंत मूल एकाने सांभाळावे, उपदेशाच्या वेळी दुसऱ्याने, आणि पुढच्या रविवारी अदलाबदल करावी. मूल रडले म्हणून आईनेच दर वेळी अंगणात जावे, ही पद्धत मोडायला हवी.

थकव्याबद्दल मात्र अधिक गांभीर्याने लिहिते. बायबलच्या 1 राजे या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घालतो. बाळ झोपले की आईने भांडी तशीच ठेवून आडवे व्हावे. मे महिन्यात येथील पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा पाजणाऱ्या आईने प्रत्येक वेळी पाजताना हाताशी पाण्याचा तांब्या ठेवावा; सहा महिन्यांच्या आतील निरोगी बाळाला उन्हाळ्यातही आईच्या दुधाशिवाय वेगळे पाणी लागत नाही. बाळंतपणानंतरची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळ जवळ घेणेही नकोसे झाले किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर ते विश्वासाचे उणेपण समजून लपवू नये. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. इजेचे विचार येत असतील तर आईला एकटी ठेवू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रागाच्या भरात मुलावर हात उठला, तर रात्री देवाची क्षमा मागण्याआधी मुलाजवळ बसून त्याची मागावी. ‘मी चुकले’ हे आईचे शब्द ऐकलेल्या मुलाला पश्चात्ताप म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मदत मागताना मोघम बोलू नये. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असे म्हटले की सगळ्या बहिणी मनापासून हो म्हणतात, पण हातातले काम हातातच राहते. त्याऐवजी शेजारच्या मावशींना किंवा पाळकबाईंना नेमके विचारावे: ‘मंगळवारी पहाटे पाणी येणार आहे, तेवढा तासभर बाळाला घ्याल का?’