रशियन 'शाप्का' : मूळ कसं शोधावं, अर्थ कसा लावावा

रशियन मजकुरात 'शाप्का' दिसला की लगेच 'टोपी' लिहून पुढे जाऊ नका. आधी सोबतचं क्रियापद पाहा. 'नाद्येत शाप्कू' म्हणजे टोपी घालणं, 'स्न्यात शाप्कू' म्हणजे काढणं. कर्म झाल्यामुळे 'का'चा 'कू' झालाय. कोशात 'शाप्का'च शोधायचा. षष्ठीच्या अनेकवचनात 'शापक' ऐकू येतं, पण लिहिताना तिथे 'ओ' असतो. आघात पहिल्या अक्षरावर पडल्याने तो दबतो, आणि कानावर विसंबून कोश चाळणारे नेमके इथे चुकतात. शिवाय 'त्याला टोपी घातली' असं भाषांतर केलंत तर मराठी वाचक फसवणूक समजेल. 'त्याच्या डोक्यावर टोपी चढवली' लिहा.

आता मूळ. शेवटचा 'का' हा प्रत्यय आहे, पण त्यावरून 'छोटी टोपी' समजू नका. छोटीला 'शापच्का' म्हणतात. उरलेला 'शाप' मूळचा स्लाव्ह नाही. कोशकार तो जुन्या फ्रेंचमार्गे उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'काप्पा'पर्यंत नेतात. इंग्रजी 'कॅप'चं मूळही तेच, पण वाट वेगळी. म्हणजे ही चुलत भावंडं. 'कॅप'वरून 'शाप्का' आला असं लिहू नका. मॉस्कोचा राजपुत्र इव्हान कलिता याच्या 14व्या शतकातल्या मृत्युपत्रात सोन्याची शाप्का आहे, आणि क्रेमलिनमधली 'मोनोमाखची शाप्का' तर चक्क राजमुकुट! सोन्याच्या पत्र्यांची, खाली केसाळ कातड्याचा काठ असलेली.

काठाला रुंद कड असेल तर ती 'श्ल्यापा', शाप्का नव्हे. कान झाकणारी 'उशान्का' मात्र शाप्काच. रशियनमध्ये 'उशी' म्हणजे कान. 'फुराझ्का' म्हणजे पुढे झापड असलेली टोपी. तिचं मूळ 'फुराझ', म्हणजे घोड्यांची वैरण, म्हणून ती वेगळ्या घराण्यातली.

लाक्षणिक अर्थ लावताना दोन गोष्टी धरा: टोपी सगळ्यात वर असते आणि भेटीत ती काढली जाते. पहिल्यातून वर्तमानपत्राचा मोठा मथळा, तक्त्याची शीर्ष-ओळ, बिअरवरचा फेस, हे सगळं शाप्का. दुसऱ्यातून 'टोपीपुरती ओळख', म्हणजे आपली नुसती तोंडओळख. कार्यक्रम आटोपल्यावर लोक आपापल्या टोप्या उचलतात, म्हणून 'टोप्या वाटून घेताना आला' म्हणजे सगळं संपल्यावर उगवला.

म्हणींचं शब्दशः भाषांतर टाळाच. 'चोराच्या डोक्यावर टोपी पेटते' ही रशियन म्हण वाचली की मराठीत सरळ 'चोराच्या मनात चांदणं' लिहावं.