नव्या टॅटूवर घरगुती काय चालतं?

नवा टॅटू म्हणजे खरं तर उघडी जखम. त्यामुळे पहिले काही दिवस, चिकट पाणी येतंय तोवर, स्वयंपाकघरातलं काहीही लावू नका. हळद तर नकोच, आजी कितीही म्हणाली तरी! कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण, दिवसातून दोनदा, आधी हात धुऊन. मग स्वच्छ कापडाने नुसतं टिपायचं, चोळायचं नाही.

पाणी यायचं थांबलं की खोबरेल चालतं. सीलबंद बाटलीतलं, सुगंध नसलेलं, दोन-तीन थेंबच. त्वचा तेलकट चमकायला लागली तर जास्त झालं समजा. कोरफड वापरायची तर पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या. त्या चिकानेच अनेकांना खाज सुटते. उरलेला गर आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा.

खपल्या निघताना खाज येणारच. नख लावू नका, रंग निघून येतो. दोन-तीन आठवडे पोहणं आणि ऊन टाळा. लाली पसरली, पू किंवा ताप आला, तर तेल-कोरफड बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठा.