ॲडॅप्टिव्ह ट्रायलचा अहवाल: आधी ठरलेलं आणि नंतर सुचलेलं वेगळं कसं दाखवायचं

ॲडॅप्टिव्ह ट्रायल म्हणजे मधले आकडे पाहून, आधी ठरलेल्या नियमांनुसार चालू असतानाच बदलता येणारी उपचाराची चाचणी. अशी ट्रायल चालू असताना सॅम्पल साइझ (रुग्णसंख्या) वाढवला किंवा एक डोस बंद केला, की वाचकाचा पहिला प्रश्न ठरलेला: हे आधी ठरलं होतं की आकडे पाहून सुचलं? उत्तर अहवालात तारखेसकट हवं. कॉन्सॉर्ट म्हणजे ट्रायलचा अहवाल कसा लिहावा याच्या मार्गदर्शक सूचना; त्यांचा ॲडॅप्टिव्ह ट्रायलसाठीचा विस्तार २०२० साली आला. त्यातली सात नवी कलमं समोर ठेवूनच लिहायला बसा.

पद्धतीच्या भागात डिझाइनचा नेमका प्रकार, किती रुग्णांनंतर आकडे पाहायचे आणि कोणत्या निकषावर काय करायचं, हे लिहा. शेजारी प्रोटोकॉलची आवृत्ती आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीची तारीख द्या. सीटीआरआय या भारतातल्या ट्रायल-नोंदवहीतली नोंद याच्याशी जुळते ना, तेही तपासा; मधला बदल तिथे चढवायचा हमखास राहतो.

यश मानण्यासाठीची पी-व्हॅल्यूची मर्यादा आकड्यात लिहा. (पी-व्हॅल्यू म्हणजे औषधाचा परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता.) ट्रायलच्या मध्यावर आणि शेवटी, दोन्ही वेळा ०.०५ लावलं तर खोट्या यशाची शक्यता ५ वरून सुमारे ८.३ टक्क्यांवर जाते. म्हणून मर्यादा कडक करणाऱ्या पद्धती वापरतात: ओब्रायन-फ्लेमिंगमध्ये मध्यावर ०.००५२ आणि शेवटी ०.०४८०, तर पोकॉकमध्ये दोन्ही वेळा ०.०२९४. शेवटची पी-व्हॅल्यू ०.०४ आली, तर पहिल्या पद्धतीत ते यश, दुसऱ्या पद्धतीत नाही. पद्धतीचं नाव गाळलं की निकाल वाचताच येत नाही.

मधले आकडे कोणी पाहिले? डीएमसी (ट्रायलच्या आकड्यांवर देखरेख ठेवणारी समिती) आणि स्वतंत्र संख्याशास्त्रज्ञ सोडून कोणाला कळले का, ते स्पष्ट लिहा. इथे एक फट राहते. रुग्णसंख्येच्या फेरहिशेबाचं सूत्र प्रोटोकॉलमध्ये उघड असेल आणि २०० चे ३२० रुग्ण झाले, तर कोणीही उलटा हिशेब करून औषधाचा परिणाम ताडू शकतो. सूत्र वेगळ्या गोपनीय कागदात ठेवा आणि ट्रायल संपल्यावर तो कागद अहवालाला जोडा.

टप्पे वेगवेगळे दाखवा. समजा पहिल्या टप्प्यातले रुग्ण फक्त बडोदा शहरातले, आणि दुसऱ्या टप्प्यात डभोई, छोटाउदेपूरचे आले. वय, आजाराची तीव्रता, दवाखान्यात पोचायला लागलेला वेळ, सगळंच बदलू शकतं. पावसाळ्यातली भरती आणि नवरात्रानंतरची भरती यांतही फरक पडतो. एकत्र सरासरीत हे बुडतं, म्हणून मूळ माहितीचा तक्ता टप्प्यानुसार द्या.

लवकर थांबवलेल्या ट्रायलमध्ये परिणाम खऱ्यापेक्षा मोठा दिसण्याकडे कल असतो, कारण नशिबानं उंच गेलेले आकडेच मर्यादा ओलांडतात. साध्या अंदाजाशेजारी दुरुस्त केलेला अंदाज द्या. विश्वासांतरही (खरा परिणाम ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज, तो पट्टा) त्याच डिझाइननुसार काढा.

डीएमसीची शिफारस पाळली नसेल तर तेही कारणासकट लिहा. हे वाक्य लपवावंसं वाटतं, आणि परीक्षक तेच शोधतात.