विडालचा टायफॉईड: आरोग्य केंद्रात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी

पावसाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालात, की तापाच्या केसपेपरवर सर्रास ‘विडाल पॉझिटिव्ह’ (विडाल म्हणजे टायफॉईडसाठीची रक्ततपासणी) आणि त्याखाली सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक इंजेक्शन दिसेल. यातल्या बऱ्याच जणांना टायफॉईड नसतोच.

विडाल जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी मोजते. त्या वाढायला आठवडा लागतो, म्हणून तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलेल्या विडालला अर्थ नाही. पूर्वी होऊन गेलेला टायफॉईड, लस, कधी मलेरियासुद्धा तिला वर नेतो. आपल्याकडे ठणठणीत माणसातही १:८० टायटर (सीरम किती पातळ करूनही गुठळ्या दिसतात, तो आकडा) सापडतो.

एकदा लॅब टेक्निशियनशेजारी उभे राहून बघाच. स्लाईडवर सीरम ०.०८, ०.०४, ०.०२, ०.०१, ०.००५ मिली असे उतरत जाते. तेच १:२० ते १:३२०. प्रत्येक वर्तुळात अँटिजेनचा (टायफॉईडच्या मेलेल्या जंतूंच्या द्रवाचा) एक थेंब, बहुतेक किटमध्ये ‘ओ’चा निळा आणि ‘एच’चा लाल. काडीने ढवळायचे, एक मिनिट स्लाईड हलवायची, लगेच वाचायची: गुठळ्या म्हणजे पॉझिटिव्ह. ओपीडीच्या गर्दीत एकाची तीन मिनिटे होतात, थेंब कडेने सुकतो आणि सुकलेले कण गुठळ्यांसारखे दिसतात. झाला पॉझिटिव्ह! रिपोर्टवर नुसता ‘पॉझिटिव्ह’ घेऊ नका, टायटर मागा.

खरे नुकसान इंजेक्शनांपेक्षा मोठे आहे: टायफॉईड लिहिला की शोध थांबतो. २०१८ साली नागपूर भागात स्क्रब टायफसची (बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची) साथ आली होती. त्यावर सेफ्ट्रियाक्सोन चालत नाही, डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा लागते. काख, जांघ, स्तनांखाली, कमरेच्या नाडीखाली चाव्याची काळी खपली शोधा. ती दुखत नाही, त्यामुळे रुग्ण आपणहून सांगत नाही. कोकणात भातलावणीनंतरच्या तापात डोळे लाल आहेत का ते पाहा, पोटऱ्या दाबून बघा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. गडचिरोलीत सगळ्यांत आधी मलेरिया.

मलेरियाची रॅपिड टेस्ट आणि स्मिअर (काचेवरचा रक्ताचा थर) पहिल्याच दिवशी. डेंग्यूची एनएस१ (विषाणूचे प्रथिन शोधणारी तपासणी) पाच दिवसांच्या आत, नंतर आयजीएम (अँटिबॉडीची तपासणी). ताप लांबला आणि टायफॉईडचा संशय उरलाच, तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून पाहणे). प्रौढाचे ८ ते १० मिली रक्त. सोय नसेल तर रेफर करा. रुग्ण गंभीर असेल तर मात्र उपचार रोखू नका. कल्चर निगेटिव्ह आले म्हणजे टायफॉईड नाहीच, असेही नाही; बरेच खरे रुग्ण त्यातून निसटतात.

“डॉक्टर, विडाल करा ना” हे रोज ऐकाल. तेव्हा चिडू नका. “आजी, त्या तपासणीत जुना टायफॉईडपण दिसतो. आज मलेरिया बघू, परवा सकाळी परत या. उलट्या थांबेनात किंवा गुंगी आली, तर रात्रीसुद्धा या,” एवढे पुरते.

बरे झाल्यावर विडाल पुन्हा लावू नका. टायटर महिनोन्‌महिने चढाच राहतो आणि ‘रक्तात टायफॉईड राहिलाय’ म्हणून दुसरा कोर्स सुरू होतो. आणि आयएचआयपीच्या (साथरोगांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलच्या) पी फॉर्मवर निव्वळ विडालवरून टायफॉईड चढवू नका. त्या आकड्यांवर गावातली विहीर तपासायला माणसे धावतात आणि तापाचे खरे कारण दुसरीकडेच राहते.