शाळेच्या मेसेजेसचा गोंधळ असा आवरला

शाळेचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, उद्या चार्ट पेपर आणा, परवा पांढरा ड्रेस, आणि ते 'ओके मॅम'च्या ढिगाखाली गाडले जातात, मग रात्री आठवतं तेव्हा स्टेशनरीवाला शटर ओढून घरी गेलेला असतो. आता मेसेज दिसला की लगेच किचनमधल्या कालनिर्णयवर लिहायचं, तेही आदल्या दिवशीच्या चौकोनात, म्हणजे वस्तू आणायला संध्याकाळ मिळते. मोठीचं निळ्या पेनने, धाकट्याचं हिरव्या, कारण लाल तारखांत लाल दिसतच नाही. पेन सुतळीने खिळ्यालाच बांधलंय, नाहीतर ते आमच्या घरात टिकत नाही. फोनचे रिमाइंडर पण लावून बघितले, पण ते माझ्याच फोनवर वाजतात, भिंतीवरचं ह्यांनाही दिसतं आणि सासूबाईंनाही. कालनिर्णयवरचा दुधाचा हिशोब मात्र वहीत गेलाय, त्यावरून सासूबाई अजून कुरकुरतात.