रस्त्यावर घेतलेलं कागदावरचं चित्र टिकवायचं असेल तर

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीला किंवा लातूरच्या गंजगोलाईत कुणीतरी फुटपाथवर बसून कागदावर माणसं रंगवतंय, वासुदेव, पोतराज, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, कुठल्या आर्ट स्कूलात न जाता आपलं आपणच शिकलेला गडी, आणि तुम्ही त्याच्याकडून एखादं चित्र घेतलं तर पैसे देतानाच नाव-गाव आणि रंग कोणते वापरले ते विचारून घ्या. घरी आल्यावर नाव, गाव, तारीख चित्राच्या मागं कडेला मऊ पेन्सिलनं हलकं लिहायचं, बॉलपेननं अजिबात नको, पुढून उमटतं.

आणि गुंडाळी करून रबर लावू नका हो. पोस्टर कलर जाड लागला असेल तर तडकतो. दोन पुठ्ठ्यांमधे सपाट धरून आणा.

रंग विचारायचा कारण पोस्टर कलर वाळला तरी पाणी लागलं की परत सुटतो, म्हणजे ओलं फडकं बंद. स्केचपेनचं काम असेल तर उन्हानं आधी तेच उडतं, आणि डोळे, मिशा, ओठ नेमके त्यानंच काढलेले असतात. कोळसा असेल तर बोटच लावायचं नाही.

आता फ्रेमवाला. तो हमखास म्हणणार लॅमिनेशन करून टाकू, कायमचं टिकतं. चित्र म्हणजे काय जातीचा दाखला आहे का? उष्णतेनं तो प्लास्टिकचा गोंद कागदात मुरतो, मग कोणाच्या बापाला सुटत नाही. पूर्ण पाठीला फेविकॉल लावून हार्डबोर्डवर चिकटवायलाही नाही म्हणा, सेलोटेप तर पिवळी पडून डाग सोडते. आपल्याकडं कागद पावसाळ्यात फुगतो आणि एप्रिल-मे मधे आक्रसतो, त्याला हलायला जागा नसली की सुरकुत्या पडतात नाहीतर फाटतो.

म्हणून फक्त वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या मागून लावून चित्र पाठीच्या पुठ्ठ्याला धरायचं, खालची बाजू मोकळी. चिकटवायला कुरडईसाठी काढतो तो गव्हाचा चीक, बिनमिठाचा, पातळ शिजवून गार केलेला, अगदी थोडा. हा पाण्यानं परत सोडवता येतो, हेच त्याचं मोठं काम. जुने बाइंडर खळीत मोरचूद टाकायचे, ते नको, त्यातल्या तांब्यानं कागद कुजतो. पुढं माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, घाला म्हणजे काच रंगाला टेकत नाही.

भिंत बाथरूमच्या पाठीची नको, थेट उन्हाची नको. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, हवा खेळते, वाळवी आली तर लवकर दिसते.

चित्रकार ओळखीचा झाला तर पुढच्या वेळी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद नेऊन द्या, न्यूजप्रिंटपेक्षा कितीतरी पटीनं टिकतो. घेईलच असं नाही पण. अमेरिकेत बिल ट्रेलर म्हणून गुलामीत जन्मलेला माणूस होता, 1939 च्या सुमारास म्हातारपणी माँटगोमरीच्या रस्त्यावर बसून चित्रं काढायला लागला, त्याला चार्ल्स शॅनन नावाच्या तरुण चित्रकारानं चांगले कोरे बोर्ड आणून दिले तर त्याला आपले डागाळलेले, वेडेवाकडे फेकलेले पुठ्ठेच आवडायचे. तसं झालं तर आग्रह करू नका, तो देईल त्याच कागदावरचं घ्या आणि वरचं सगळं जरा जास्त काळजीनं करा.