धर्म, सरकार आणि सोशल मीडियावरचं लोकमत : कामाला लागण्याआधी

धर्म आणि सरकार यांच्या नात्याबद्दल सोशल मीडियावर लोक काय म्हणतात, ते तपासण्याच्या कामात आलो तेव्हा पहिले काही आठवडे मी फक्त पोस्ट गोळा करत होतो. ढीग पुरेसा मोठा झाला की लोकमत आपोआप दिसेल, असा पक्का समज होता. तो एका ओळीने मोडला: ‘धर्म आणि सरकार एकमेकांपासून लांबच बरे.’

मी तिच्यापुढे ‘राज्यकारभारात धर्म नको’ अशी खूण केली. सोबतच्या सहकारी ताईंनी ‘धर्माच्या कारभारात सरकार नको’ अशी. शब्द तेच, आणि दोन्ही अर्थ बसतात. मागच्या-पुढच्या पोस्ट वाचल्यावर कळलं, की माणूस श्रद्धाळू होता आणि प्रार्थनास्थळांवरच्या सरकारी नियंत्रणावर चिडला होता. ताईंचं बरोबर होतं. पोस्टमधली भावना ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने मात्र ओळीवर ‘नकारात्मक’ एवढाच शिक्का मारला होता.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: भावना आणि भूमिका यांची गल्लत करू नका. माणूस रागाने लिहितो, पण कशाच्या बाजूने? सरकारवर धर्माचा प्रभाव असावा का, हा एक प्रश्न. सरकारने धर्मात हात घालावा का, हा दुसरा. दोन्ही आधी कागदावर लिहा. मग तीन-चारशे पोस्ट दोघांनी एकमेकांना न विचारता वाचून खुणा करा आणि एकमत किती ते ‘कोहेनचा कप्पा’ या एकमत मोजणाऱ्या आकड्याने तपासा. योगायोगाने जुळलेली उत्तरं तो वजा करतो, म्हणून साध्या टक्केवारीपेक्षा भरवशाचा. एकमत कमी आलं तर दोष बहुधा तुमच्या व्याख्येत असतो. ती सुधारा, पुन्हा वाचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरं शिक्षण इथेच होतं.

आकड्यांच्या मोहात तर पडूच नका. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे त्याच्या जनमत चाचणीच्या वीस लाखांहून जास्त मतपत्रिका भरून परत आल्या, तरी निवडणुकीचा अंदाज साफ चुकला, निवडून आले रूझवेल्ट. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये दाखवलं, की अमेरिकेतल्या प्रौढ ट्विटर (आताचं एक्स) वापरकर्त्यांपैकी १० टक्के लोक ८० टक्के ट्वीट लिहीत होते. म्हणजे पोस्ट मोजल्या तर बोलक्यांचंच मत हाती येतं. निदान एका खात्याला एकच मत धरा, आणि ‘इतके टक्के जनता’ असं वाक्य लिहू नका. त्यासाठी नमुना निवडून केलेली सर्वेक्षणं आहेत. लोक कोणत्या शब्दांत वाद घालतात, तो वाद केव्हा आणि कशाने पेटतो, हे मात्र सोशल मीडियावर फार चांगलं दिसतं.

आणि एका गोष्टीत तर लिहिणाऱ्यांच्या जिवाशी गाठ आहे. धर्म आणि राजकीय मत ही दोन्ही युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात संवेदनशील माहिती मानली जातात. काही देशांत धर्मनिंदेला तुरुंगवास आहे. जशीच्या तशी छापलेली पोस्ट शोधून लिहिणाऱ्यापर्यंत पोचायला मिनिटही लागत नाही. मी खात्यांची नावं विश्लेषणाच्या फाइलमध्ये येऊच देत नाही आणि मूळ ओळ अहवालात छापत नाही. वर दिलेली ओळसुद्धा अर्थ तोच ठेवून शब्द बदललेली आहे.